कुणाच्या गाडीतून आलात?

मी गाव सोडलं त्या दिवशी ग्रामपंचायतीचं मतदान होतं. दुसऱ्या सकाळी पुण्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं, पण बाबा म्हणाले, "आधी मत, मंग पुना." शाळेत मत देऊन आम्ही तसेच फाट्याकडे निघालो. बॅग बाबांच्या डोक्यावर, माझ्या बोटावर ओली शाई. आधी एका पॅनेलची जीप शेजारी येऊन थांबली, मग दुसऱ्याची. "चल गो, भिवंडी स्टँडवर सोडतो. आमची पन लेकच तू." बाबांनी दोघांनाही हात जोडले आणि चालत राहिले. मी चिडले, तेव्हा एवढंच म्हणाले, "मत दिसत न्हाय गो. गाडी दिसते."

जे गावातच राहिले त्यांना हे सांगायला नको. माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना आठवण करून देते. आमच्याकडे मत गुप्तच असतं, पण शाळेच्या फाटकाशी दोन्हीकडची पोरं उभी असतात आणि कोण कुणाच्या गाडीतून उतरलं ते टिपून घेतात. ती गाडी पुढची पाच वर्षं विसरली जात नाही. तुमच्या घरच्या हळदीला कोण येणार आणि नळाची लाइन कुणाच्या दाराआधी थांबणार, हे तिच्यावर ठरतं.

तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात होता. आता पूर्णा गावाकडून आमच्या शिवारापर्यंत गोडाऊनच गोडाऊन. पुढाऱ्यांनी झेंडे इतक्या वेळा बदलले की मी लक्ष ठेवणं सोडलं. गेटवरची ड्युटी असो की लोडिंगचा ठेका, सगळं त्यांच्याच हातून. माझा धाकटा भाऊ नितीन असाच एका पॅनेलच्या ओळखीने गेटवर लागला. मी शिकले. आमच्या आळीतली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी मोठ्याने सांगते, कारण त्यासाठी आईने दुसऱ्यांच्या शेतात लावणी केली आहे.

यंदा बाबांचे गुडघे पार गेले. मतदानाच्या आधी नितीनचा फोन आला, "ताई, आमच्या पॅनेलचे शेठ बोलले, म्हाताऱ्याला आपल्या गाडीतून आन. बाबा ऐकत न्हाईत. माझी ड्युटी जाईल." मागून बाबांचा आवाज, "तुझी ड्युटी तू कर. मत माझं हाय."

मी म्हटलं, भांडू नका, माझी गाडी घेऊन येते. माझं नाव कधीच पुण्याच्या यादीत गेलंय. बाबांना शाळेपर्यंत सोडायचं, एवढ्यासाठी सुट्टी काढली. मॅनेजरला हे कसं समजवायचं ते सुचेना, म्हणून 'फॅमिली इमर्जन्सी' असं टाकलं. खोटं नव्हतं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. देवळापाशी आमची शेजारीण सुमनकाकी उन्हात काठी टेकत चालली होती. मी थांबले, तिला मागे घेतलं. तिचा मुलगा दुसऱ्या पॅनेलचं काम करतो, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. वळणावर पोहोचेपर्यंत नितीनचा फोन. "ताई, तू त्यांची मानसं आनतेस म्हने! काय केलंस हे?"

बाबांनी ऐकलं. "थांबव. उतरव मला."

"अरे पडशील म्हाताऱ्या," काकी म्हणाली.

"पडलो तं माझ्या पायानं पडंन."

"मंग मी एकटी काय राणीवानी बसू?" म्हणत तीही उतरली. एसी लावलेली रिकामी गाडी मी कडेला उभी केली आणि दोघांच्या मधून चालू लागले, एकीकडे काठी, एकीकडे बाबांचा हात. फाटकाशी एका पोराने हसत विचारलं, "काय बाबा, कुनाच्या गाडीतून आलात?"

"चालत," बाबा म्हणाले. "तसंच लिव."

नितीनचं पॅनेल जिंकलं. जिंकल्यावर माणूस मोठ्या मनाचा होतो असं मला वाटायचं. आठवड्याच्या आत नितीनला गेटवरून कमी केलं. त्याने माझ्याकडे पुण्याला यायचं ठरवलं. निघताना बाबा गुडघे धरत फाट्यापर्यंत आले, बॅग मागत राहिले, त्याने दिली नाही. एसटीत चढण्याआधी मात्र पाया पडला.

आता तो माझ्या हॉलमध्ये झोपतो आणि दिवसा कामाला विचारत फिरतो. बाबा फोनवर त्याची चौकशी करतात आणि मतदानाचा विषय काढत नाहीत. मी थकले आहे. कुणाचं चुकलं हे ठरवायलाही थकले आहे. पुण्यात लोक विचारतात, गावी घर आहे का? आहे. पत्र्याचं होतं, आता स्लॅबचं आहे. पण डोळे मिटले की मला ते दिसत नाही. वळणापासून शाळेपर्यंतचा रस्ता दिसतो.

परवा नितीनला म्हटलं, इथेच राहायचं तर यादीत नाव इकडे करून घे, फॉर्म मी भरते. तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "नको. मंग बाबांना चालत कोन नेनार?"