आतल्या बाजूने दार

आमचे हे कुलपं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. हे आत बसले की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहूनच बोलायचं. लग्न झालं त्याच महिन्यात माझ्या कपाटाची किल्ली हरवली. म्हटलं, घरातच किल्लीवाला आहे, आपल्याला कसली काळजी! तर हे कपाटासमोर उभे राहून मला विचारतात, "कपाट तुझं ना? उघडू?" मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. होकार मिळाल्याशिवाय हे कुलूप उघडायच्या तारेच्या आकड्याला हात लावत नाहीत. एकदा एक घरमालक भाडेकरूची खोली उघडून मागायला आला, तर यांनी त्याला परत पाठवलं. म्हणाले, "आत जो राहतो त्याचं दार. त्याला घेऊन या."

एवढा हट्टी माणूस चर्चमध्ये मात्र दुसऱ्या गीतालाच पेंगायला लागतो. पाळक तारणाबद्दल, म्हणजे प्रभूने आपल्याला पापातून कसं सोडवलं त्याबद्दल, बोलायला लागले की यांची हनुवटी छातीवर टेकलेलीच. मी कोपर मारून मारून थकले. या माणसाच्या डोक्यात त्यातलं काही शिरत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

यांचा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. जाऊबाई गेल्यापासून भावजी आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलीला आम्ही टकळी म्हणतो, कारण एकदा सुरू झाली की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्या टकळीची मैत्रीण तिच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेली. तेव्हापासून पोरीची वाचाच बसली. मध्येच किंचाळायची, हाताला येईल ते फेकायची. मी भावजींना म्हटलं, डॉक्टरकडे न्या. ते "हो वहिनी, हो वहिनी" करत राहिले. नंतर मी भेटायला गेले की झोपली आहे म्हणून दारातूनच परत पाठवायचे. त्याच सुमारास ते दुकानात येऊन कुलूप घेऊन गेले. मागच्या खोलीला पाहिजे, चांगलं मजबूत दे, म्हणाले. यांनी स्वतःच्या हाताने घासून तयार केलेलं पितळी कुलूप दिलं, आणि रात्री जेवताना मला त्या कुलपाचं कौतुक सांगत बसले.

रविवारी उपासनेनंतर भावजींनी आम्हाला घरी बोलावलं, टकळीसाठी प्रार्थना आहे म्हणाले. आम्ही गेलो. पुढच्या खोलीत मंडळीतली सात-आठ माणसं बसलेली, मध्ये सुटकाबाई. दुष्ट आत्म्यापासून सुटकेची प्रार्थना करतात म्हणून त्यांना सगळे सुटकाबाईच म्हणतात. प्रार्थना जोरात चालली होती. आणि मागच्या खोलीच्या दारावर आतून कोणीतरी थापा मारत होतं.

दाराला ते पितळी कुलूप होतं.

मी यांच्याकडे पाहिलं. यांचा चेहरा पांढराफटक. स्वतःचं कुलूप हातात धरून हे नुसते उभे. मग म्हणाले, "किल्ली दे."

"दादा, प्रार्थना होऊ दे," भावजी म्हणाले. "सुटकाबाईंनी सांगितलेला उपास संपेपर्यंत उघडायचं नाही असं ठरलंय. तिच्यात जे आहे ते बाहेर निघालं पाहिजे. मी काय हौसेने कोंडलंय का तिला?" त्यांचे डोळे सुजलेले होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांची कीव आली नाही, त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

हे दाराशी वाकले. "टकळे, मी काका. दार तुझं आहे. उघडू का?"

थापा थांबल्या. सुटकाबाईसुद्धा थांबल्या. मग आतून फाटक्या आवाजात आलं, "उघडा ना, काका."

पोर किती दिवसांनी बोलली होती! यांनी खिशातून आकडा काढला आणि कुलूप उघडलं. ती बाहेर आली ती सरळ माझ्या अंगावर कोसळली. केसांचा गुंता झालेला, बोटांना ओढणीच्या चिंध्या गुंडाळलेल्या. मला रडूही येईना, इतका धक्का बसला होता.

"उघडायला नको होतं," सुटकाबाई म्हणाल्या. "अजून तिची सुटका झालेली नाही."

"बाई, प्रभूने आपल्याला बाहेर उभं राहून हाका मारल्या का?" हे म्हणाले. आवाज चढवला नाही. "तो आत आला. आपल्या जागी आला. मला तर तारण एवढंच कळलंय." आणि हे चक्क त्या खोलीत गेले. आतून दार लोटून घेतलं. "लाव रे कुलूप. तिच्यात जे काय होतं ते आता माझ्यात आहे असं समज. कर प्रार्थना."

मी ओरडले, "अहो, काय करताय हे!" भावजींनी कुलूप उचललं. कोयंड्यापर्यंत नेलं. हात तिथेच थांबला. सगळे बघत होते.

"दादा, तू आत असताना मला नाही लावता येत."

आतून यांचा आवाज आला, अगदी हलका, लहान भावाशी बोलतात तसा. "मग तू आत ये. दार या बाजूने बघ एकदा."

भावजी आत गेले. उंबऱ्यातून वाकून पाहिलं तेव्हा मलाही दिसलं. दाराची आतली बाजू, कडीच्या उंचीवर, नखांनी ओरबाडून ओरबाडून पांढरी पडली होती. कुठे कुठे रक्त वाळून काळं झालेलं. लाकडाचा रंगच उरला नव्हता. इतके दिवस आम्ही दोन गल्ल्या सोडून जेवत होतो, झोपत होतो.

भावजींच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला सांगता येणार नाही. ते तिथेच दाराशी बसले आणि डोकं लाकडावर टेकवून त्यांनी हंबरडा फोडला. हे बाहेर आले, पण भावजी उठेनात. यांनी दंडाला धरून ओढलं तरी उठेनात. सुटकाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

टकळी माझ्या कुशीत होती. तिने मान वर केली, त्या खोलीकडे पाहिलं, आणि माझा पदर ओढून म्हणाली, "काकू, बाबांना बाहेर काढा ना."