धाडचा कंटेनर

सर्व्हर रूममध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतात: धूळ आणि किस्से. धूळ मी पुसतो. किस्से वानखडे काकांमुळे साचले, ते पुसावेसे वाटत नाहीत.

आमच्या संस्थेचे तीन दवाखाने आहेत: धाड, रोहिणखेड आणि धामणगाव बढे. तिन्हींच्या नोंदी बुलढाण्याच्या ऑफिसात एकाच लिनक्स मशीनवर, तीन कंटेनरमध्ये. कंटेनरांना नावंही गावांचीच. काका रेकॉर्ड सांभाळतात, मी मशीन.

काकांच्या पत्नी सुमनताई धाडला नर्स होत्या. दोन वर्षांपूर्वी गेल्या. पेशंटच्या नोंदीत शेऱ्याचा रकाना असतो. बाकीच्या नर्स तो रिकामा सोडतात. ताई मात्र बोलल्यासारखं लिहायच्या: "सासू संगं असली का ही खरं सांगत नाही." हे लिहिलेलं कधीतरी मशीनमधून जाईल, ही काकांना एकच भीती. म्हणून ते कंटेनरबद्दल सारखं विचारत.

* * *

पहिलाच प्रश्न, "हे कंटेनर म्हंजे काय असते बे?"

मी म्हणालो, "एका घरात तीन भाऊ, तीन चुली. कुणी कुणाच्या भांड्यात हात घालत नाही. छप्पर मात्र एकच, त्याला कर्नेल म्हणतात."

"अन् छप्पर पडलं तं?"

"तिघंही उघड्यावर."

"मंग भाऊ येगळे कशाचे झाले!"

* * *

एकदा धाडचा कंटेनर बंद पडला. मी दारातूनच ओरडलो, "काका, धाड पडली!"

व्यवस्थापक साहेब चहा अर्धा टाकून मागच्या दारानं निघून गेले. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला, "गेले का ते लोक?"

* * *

त्याच दिवशी स्क्रीनवर धाडच्या नावापुढं 'एक्झिटेड' असं आलं होतं. काकांनी ते वाचून चष्मा काढला. "गेलं?"

"नाही काका, नुसतं थांबलंय. थांबवलेला कंटेनर पुन्हा सुरू होतो. मिटवलेला होत नाही."

मी कमांड दिली आणि धाड सुरू झालं. काका म्हणाले, "माणसाले काऊन नाही बे असं?"

मला फार वाईट वाटलं.

* * *

मग नवीन व्हर्जन टाकायची वेळ आली. त्यात जुना कंटेनर मिटवून नवा उभा करतात. घाबरायचं कारण नसतं, कारण जपायचा डेटा कंटेनरच्या बाहेर वेगळ्या जागी ठेवलेला असतो. मी एंटर दाबणार, तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं.

"माह्या बाईचं लिहेलं बाहेर हाय का, पाह्यलं?"

"असतंच हो काका!"

"असते अन् हाय, यात फरक हाय बे!"

मी चिडलो, आणि केवळ त्यांना गप्प करायला ती बाहेरची जागा उघडून दाखवायला गेलो. नोंदी बाहेर होत्या. शेरे नव्हते! शेऱ्यांची फाइल पहिल्या दिवसापासून आतच राहिली होती, आणि चूक माझी होती. मी कीबोर्डवरून हात काढले. काकांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

* * *

शेरे बाहेर काढले. सगळे आले का बघायला मी शेवटचा उघडला. पेशंटचं नाव होतं सुमन वानखडे. ताईंच्या आजाराचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच नोंदीत डॉक्टरांसाठी लिहून ठेवलं होतं. मी खुर्चीवरून उठलो आणि काकांना बसवलं.

"साहेब, रिपोर्ट म्या पाह्यला. दुपारी मालक डबा घेऊन येतीन. आधी त्याइले जेवू द्या, मंग सांगा."

काकांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले,

"तरीच बे! त्या दिवशी डॉक्टर मले म्हने, वानखडे, आनखी अर्धी भाकर घ्या."