चांगल्या डोळ्यावरची पट्टी

तरुणपणी मी स्वतःला फार हुशार समजत असे. देवळीच्या बाजारात कापडवाला कापड मोजू लागला की मी कापडाकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघायचे. दूधवाल्याचं बोट मापात, कापूस मोजणाऱ्याचा पाय काट्याखाली. जगात जो तो काहीतरी दाबून धरून बसलाय, असा माझा सिद्धांत होता. त्यातून डॉक्टरबाई तेवढ्या कशा सुटणार?

ऐंशी साल उजाडायचं होतं. धाकटी लेक पाचेक वर्षांची, तिचा डावा डोळा सारखा नाकाकडे पळायचा. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशननं डोळा सरळ होईल, पण आधी काही आठवडे उजव्या डोळ्यावर पट्टी ठेवा. डावा आळशी झालाय, त्याला बघायची सवय लागू द्या. नंतर वय निघून जातं.

दुखणं डावीकडे आणि पट्टी उजवीकडे! आमच्या घरी बैलाचा खांदा सुजला की त्यालाच जुवाखालून काढायचे. चांगला बैल सोडून दुख्या बैलाला कोण जुंपतं? बाई समोरासमोर बसल्या होत्या, त्यांचं डावं-उजवं उलटं झालं असणार, हे मी बसमध्येच ठरवून टाकलं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, तुझ्यापेक्षा त्या जास्त शिकल्यात. मग मला ह्यांचाही संशय आला.

एक दिवस सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं. पोरगी दाराच्या चौकटीला धडकली, रडली. झालं, मला पुरावा मिळाला. दुसऱ्या दिवसापासून पट्टी डाव्या डोळ्यावर. पोरगी खूश. भर उन्हात चिंचेखाली हुंदडायची.

दवाखान्यात दाखवायच्या दिवशी मात्र वर्ध्याच्या बसस्टँडवर, रसवंतीच्या आडोशाला, मी पट्टी उजव्या डोळ्यावर चिकटवली.

"बाईनं इचारलं तं काई बोलू नको," पोरीला बजावलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं. डावा डोळा तसूभरही सुधारला नव्हता, असं असेल तर ऑपरेशनचं नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या. पट्टी नीट ठेवता ना? मी म्हटलं, झोपतानाच काढते. मनात म्हटलं, आता ही तारखांवर तारखा देणार.

त्यांनी पोरीची हनुवटी खिडकीकडे वळवली आणि तोंड निरखून पाहिलं. सगळं तोंड उन्हानं रापलेलं, उजव्या डोळ्याभोवतीही तसंच. डाव्या डोळ्याभोवती मात्र भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर दिसतो तसा उजळ चौकोन. वैशाखानं माझी चुगली केली होती.

बाई रागावल्या नाहीत. पोरीचा उजवा डोळा त्यांनी पुन्हा पट्टीनं झाकला, मला बोलू नका अशी खूण केली आणि तिला म्हणाल्या, "जा, आईकडे जा."

दाराजवळच्या बाकावर माझ्यासारखंच हिरवं लुगडं नेसलेली एक बाई बसली होती. पोरगी हात पुढे करत तिच्याकडे गेली. तिचा पदर धरून म्हणाली, "चाल आई, घरी जाऊ."

मी पोरीपासून हातभर अंतरावर उभी होते.

त्यानंतर पट्टी उजव्या डोळ्यावरून हलली नाही. संशय मात्र गेला नाही, त्यानं फक्त घर बदललं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नातीला जेवू घालताना दया येऊन पट्टी उचलतात, असा मला वहीम. म्हणून मी पट्टीच्या कडेवरून गालापर्यंत कुंकवाची रेघ ओढून ठेवायचे. उचकटली की रेघ तुटणार. तुटलेली सापडली. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "आधी तू ठेवली का सांगितली तशी?" मी नवी रेघ ओढली. त्यांनी मात्र पुन्हा हात लावला नाही.

पावसाळा सरता सरता डावा डोळा कामाला लागला. अंगणातून पोरगी त्याच एका डोळ्यानं मला ओळखायची. ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सबाई शाईची खूण करायला आल्या. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी मला विचारलं, कोणता डोळा? यांना इतकंही माहीत नाही? माझा संशय फणा काढून उभा राहिला. मी उलटतपासणी सुरू करणार, तेवढ्यात पोरीनं त्यांची बाही ओढली.

"आईले नका इचारू," ती म्हणाली आणि डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "हा आहे. तिले नाई समजत."

नर्सबाई हसल्या आणि खूण करायला वाकल्या. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते.