बॉटमकाका आणि बंद कूलर

मे महिन्यात कूलर बंद ठेवून बसणारा माणूस अख्ख्या नागपुरात मी एकच पाहिला. कोराडी रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजमध्ये जीव नुसता उकडून निघायचा. कूलर होता, चांगला चालतही होता. पण त्याच्या ओल्या हवेने इंजिनाच्या चकचकीत केलेल्या क्रँकवर गंज धरतो, म्हणून तो कायम कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.

इंजिनाच्या तळाचा भाग, म्हणजे क्रँक, रॉड आणि बेअरिंग, याखेरीज त्यांना जगात काही दिसत नसे. म्हणून सगळे त्यांना बॉटमकाका म्हणत. शर्यतीचं इंजिन भन्नाट फिरतं आणि त्याचा सगळा मार हा तळच खातो. तो मजबूत करायला माझी गाडी त्यांच्याकडे द्यायची अवदसा मला आठवली. दणकट रॉड बसले, नवे बोल्ट आवळले, इंजिन जोडून झालं, की काका ते पुन्हा उघडायचे.

"आता काय राहिलं, काका?"

"दुपारी मोजलं होतं गा. उन्हात लोखंड फुगते. उद्या पहाटे मोजतो."

मोजायचं म्हणजे बेअरिंगमध्ये मेणासारखा बारीक धागा दाबायचा आणि तो किती पसरला त्यावरून आतली फट किती ते पाहायचं. धागा बरोबर पसरला तरी यांचं समाधान नाही. मग कोराडीच्या वीजकेंद्रातून उडणाऱ्या राखेचा कण आत जाऊ नये म्हणून इंजिन काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलं जाई. इकडे मित्र शर्यतीच्या ट्रॅकवर गाड्या पळवत आणि मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवी.

एकदा मी भडकलोच. "गाडी पळवायची आहे की पाळण्यात घालायची?"

"वरचं बिघडलं त गाडी थांबते. खालचं तुटलं त रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येते. समोर तूच बसला राहशीन. काहून घाई करून राहिला?"

मी चरफडत घरी आलो.

मागच्या थंडीत काका गेले. इंजिन तेव्हाही उघडंच होतं. काकूंनी ते साडीसकट माझ्या हवाली केलं. मला रडू आलं आणि रागही आला. आता भांडायचं कोणाशी?

कळमेश्वरच्या एका मेकॅनिकने यंदा मे महिन्यात काम उरकलं. रविवारी शर्यत होती.

"घेऊन जा भाऊ, इंजिन तयार आहे."

"खालचं कधी मोजलं?"

"काल दुपारी."

"कूलर चालू होता?"

"मग काय, बंद ठेवून मरू काय?"



"खोला," मी म्हणालो. "पहाटे मोजू."

रविवारी मी पुन्हा कडेला उभा राहून टाळ्या वाजवल्या. गेल्यावरही या माणसाने माझी शर्यत चुकवलीच.