एकाच वाटीतल्या दोन गोळ्या

मी उठायच्या आत आमचे हे ओट्यावर वाटी ठेवतात. तिच्यात थायरॉइडची इवलीशी गोळी आणि तिला खेटून कॅल्शियमची जाडजूड. थायरॉइडची पन्नास मायक्रोग्रॅमची पंचाहत्तर झाली, पंचाहत्तराची शंभर, तरी थकवा हटेना. इतकी वर्षं साथ दिलेलं शरीर उलटलं, असंच वाटायचं. आरशात गळ्याकडे बघायचे ती फितुराकडे बघावं तशी.

काल डॉक्टरबाईंनी विचारलं, “दोन्ही एकदमच घेता? कॅल्शियममुळे ही गोळी अंगी लागत नाही. चार तासांचं अंतर ठेवा.”

घरी येऊन यांना सांगितलं.

आज ओट्यावर दोन वाट्या आहेत. दुसरीवर झाकण आहे. मी गळ्यावरून हात फिरवला. तो बिचारा इमानीच होता. दगा मायेनं दिला, आणि तिच्यावर धड चिडताही येत नाही.