प्रेमदासचं ऊन पाणी

वडनेरात पाणी अठ्ठ्याण्णव डिग्रीला उकळतं. ही गोष्ट जगात एकट्या प्रेमदास नगराळेला ठाऊक होती, कारण ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एकतीस वर्षं थर्मामीटर त्यानंच धरला. तो "अठ्ठ्याण्णव" म्हणायचा आणि विज्ञानाचे मधुकरराव सर फळ्यावर शंभर लिहायचे.

"पुस्तकात शंभर आहे प्रेमदास. पुस्तक चुकेल का?"

"नाई सर," म्हणून प्रेमदास भांडं विसळायला न्यायचा. पुस्तक चुकत नसेल तर पाणीच चुकत असणार. त्या पाण्याला काय बोलणार?

रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला. प्रेमदासनं सहल काढली. त्याचं असं झालं, की पौष महिन्यात तो मेव्हण्यासोबत पैनगंगेकडच्या एका कुंडावर गेला. पहाटेच्या कडाक्यात पाण्यातून वाफा निघत होत्या. खालून कोणी चूल पेटवली नाही, कोणी गॅस लावला नाही, आणि पाणी ऊन! एकतीस वर्षं स्पिरिटचे दिवे पेटवलेल्या माणसाला हे फार लागलं. घरी येऊन त्यानं पत्रक छापलं : ‘भूगर्भातील उष्णता प्रत्यक्ष पाहा! थंड व ऊन झऱ्यांची एकदिवसीय सहल. मार्गदर्शक : प्रेमदास नगराळे (प्रयोगशाळा).’ मग नागपूरहून स्वतःच्या मालकीचा पहिला थर्मामीटर आणला. लोकांसमोर आकडा सांगायचा, तोही आपल्या तोंडानं, हीच सहलीची मुख्य गंमत होती. निदान त्याच्यासाठी.

तारीख ठरली मे महिन्यातली.

"मे महिन्यात ऊन पाण्यात कोन उतरन जी?" बायको तानाबाई म्हणाली.

"सुट्ट्या मे महिन्यातच असतात."

"मंग नळाखाली बसवा सगळ्यायले. टाकीतून तसंबी ऊनच येऊन राह्यलं." एवढं बोलून तिनं त्याच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा टाकला. तिचा सहलीला विरोध होता, नवऱ्याला नव्हता.

सकाळी सहाला ड्रायव्हर धीरजची क्रूझर गाडी अकरा माणसं घेऊन निघाली. पुढच्या सीटवर मधुकरराव सर. सर आता हिंगणघाटच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष होते आणि आदल्या दिवशीच म्हणाले होते, "ही सहल जमली तर मंडळाच्या वर्षभराच्या सहली तुझ्याकडे. नाही जमली तर..." पुढचं सर बोलले नाहीत. प्रॅक्टिकलच्या परीक्षेतही ते असंच अर्धं बोलायचे. मागे सुलोचनाबाई होत्या, कापडाच्या दुकानाच्या मालकीणबाई. त्या गुडघ्यांसाठी आल्या होत्या आणि दोन्ही गुडघे सोबत असल्याचं त्यांनी पांढरकवड्यापर्यंत कोणाला विसरू दिलं नाही.

पहिलं ठिकाण, थंड पाण्याचा झरा. सगळे उतरून टेकडीच्या पायथ्याशी गेले. तिथं दगड होते.

"झरा कुठी हाय भाऊ?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"हाच. पाणी तेवढं जुलैत येते."

अकरा माणसांनी झऱ्याची जागा पाहिली. एकानं फोटोही काढला. मग सगळे गाडीत जाऊन बसले. आता सगळी भिस्त कुंडावर होती.

सरांनाही ते कळलं असावं. कुंडाजवळ उतरताना त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "हे पाहा, आकडा साठ सांगजो."

"मोजाच्या आंधी?"

"साठ ऐकलं की पाणी आपोआप ऊन लागते. लोकांचं समाधान पाहायचं असते रे. तुले सहली पाहिजेत ना?"

पाहिजे होत्या. घरी बसून टीव्हीवर बातम्या पाहायचा त्याला आता वीट आला होता, आणि तानाबाईला बातम्या पाहणाऱ्याचा.

दुपारचे बारा वाजले होते. कुंडातून वाफ सोडाच, साधा बुडबुडाही निघत नव्हता. प्रेमदास काठावर उकिडवा बसला, थर्मामीटर पाण्यात सोडला आणि नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबला. मागे बावीस डोळे. त्यानं नळी बाहेर न काढता, वाकून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून वाचलं. मग पुन्हा वाचलं. आकडा तोच आला.

सर हळूच खाकरले. खाकरणं साठचंच होतं.

"छत्तीस," प्रेमदास म्हणाला.

"किती?"

"छत्तीस डिग्री. मी हिवाळ्यात आलतो तवा हवा गार होती, म्हणून वाफ दिसे. पाणी तवाबी एवढंच असन. मी मोजलं नोतं, अन् पत्रक छापून बसलो. चुकी माही हाय."

एवढं लांब भाषण त्यानं निरोप समारंभातही केलं नव्हतं.

"छत्तीस!" सुलोचनाबाई म्हणाल्या. "भाऊ, मागच्या हप्त्यात माह्या सासूबाईले याहून जास्त ताप होता. त्यायच्याचपाशी पाय ठेवून बसली असती मी!"

लोक हसले. पण ते हसणं गाडीकडे निघायच्या बेताचं होतं. मोजायचं साधन हातात असलं की माणूस मोजतो. प्रेमदासनं थर्मामीटर कोरडा पुसला, काठावरच्या लिंबाच्या सावलीत टांगला, तीन मिनिटं थांबला आणि तोही आकडा सांगून टाकला.

"सावलीत चव्वेचाळीस."

हिशेब सगळ्यांनाच येत होता.

सुलोचनाबाईंनी चपला काढल्या, लुगडं पोटऱ्यांपर्यंत धरलं आणि पायरी उतरल्या. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर त्या ओरडल्या, "अवं माय! गार हाय वं!"

मग मात्र शिस्त राहिली नाही. ज्यानं झऱ्याच्या दगडांचा फोटो काढला होता तो शर्टासकट पडला. ड्रायव्हर धीरज गाडीचं दार उघडं टाकून उतरला. सर सगळ्यात शेवटी, बनियनवर, पायरी पायरी तपासत, आणि एकदा गळ्यापर्यंत बसले ते बसलेच. तीन वाजता निघायचं होतं. तीन वाजता प्रेमदासनं हाक दिली, साडेतीनला दिली, चारला त्यानं नाद सोडून काठावर बसून पाय पाण्यात टाकले.

"पुढच्या महिन्यात मंडळाची पन्नास माणसं आणू," सर डोळे मिटून म्हणाले. "पत्रकात मात्र साठ छापू."

"छत्तीस छापा सर. नाई तं दुसरा मानूस पाहा."

सरांनी एक डोळा उघडला. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. पाण्यातून उठून निघून जावं, असं तापमान नव्हतं.

"छत्तीस तर छत्तीस," ते शेवटी म्हणाले. "पण आता थोडं वाढलं असेल ना रे? पाहा बरं."

प्रेमदासनं थर्मामीटर सोडला. तीन मिनिटं थांबला. वाकून वाचलं.

"छत्तीसच हाय सर. तुमी बसल्यानं काई फरक नाई पडला."