काकांची शिफारस

कापसाची ती वाईट वर्षं होती. मदतीच्या अर्जाला जोडायला जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदी हव्यात म्हणून पार मुकुटबनपासून माणसं आमच्या कचेरीत यायची. रेकॉर्ड रूमचे काका आधी गाव विचारत, मग साल विचारत, क्षणभर डोळे मिटत आणि नेमका गठ्ठा उतरवत. कागदावर फुंकर मारून तो दोन्ही हातांनी देत.

अभिलेखपालांच्या पुरस्काराच्या फॉर्मवर मी त्यांची शिफारस लिहिली आणि म्हटलं, "सही करून जावक टेबलावर द्या." त्यांनी ती दोनदा वाचली.

शेवटची तारीख उलटल्यावर मी विचारलं, "काका, फॉर्म पाठवला ना?"

"कायले पाठवू, मॅडम? पाठवलेला कागद हरपते. ठेवलेला नाही हरपत."

हा माणूस भोळा आहे की मलाच काही शिकवतोय, मला कळेना. चिडून म्हटलं, "मग माझा कागद मला परत द्या."

"कोणतं साल?"

"हेच!"

त्यांनी डोळे मिटले, गठ्ठा उतरवला, फुंकर मारली आणि फॉर्म दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. खाली त्यांची सही होती. वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मागितलेला कागद दोन मिनिटांत देतात.'